पिकलेली जखम ठणकते, मलम न मानवलेली खाजते

जिंतूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "सोयाबीन काढताना माझ्या 62 वर्षांच्या सासूबाईंच्या नडगीला विळा लागला. मेडिकलमधून अँटिबायोटिकची ट्यूब आणली, रोज लावून पट्टी बांधली. पाचव्या दिवशी जखमेभोवती लाल झालं, बारीक फोड आले, पाणी सुटलं. दुसरी ट्यूब आणली तर गुडघ्यापर्यंत वाढलं, आता हातांवर आणि पापण्यांवरही पुरळ आहे. एक डॉक्टर म्हणाले ट्यूबची ॲलर्जी. घरात कुणालाच पटत नाही, कारण टाचांच्या भेगांना त्या तीच ट्यूब कित्येक वर्षं लावतात. गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या जखमेवर पावडर टाकली तर दहा मिनिटांत अंगभर पित्त उठलं आणि तो चक्कर येऊन पडला. तेही हेच का? वरून लावायच्या औषधाने जीव जाऊ शकतो का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, डोळ्यांत घालायच्या औषधांचं काय करायचं?"

ताई, तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला बरोबर वाटतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून सासूबाईंना ट्यूबमधल्या अँटिबायोटिकचीच ॲलर्जी झाली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. भाच्याला झालं ते वेगळ्या जातीचं, आणि जास्त धोक्याचं. वरून लावलेल्या औषधाने जीव जाऊ शकतो का, तर हो. क्वचित घडतं, पण घडतं. डोळ्यांचं शेवटी सांगते, कारण आधीचं नीट कळलं तरच ते कळेल.

मी परभणीत 24 वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी सुरू झाली, की विळ्याच्या जखमा घेऊन माणसं येतात. उसाचा हंगाम लागला की कोयत्याच्या येतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी वसमतकडे हळद शिजवायला लागले की भाजलेले हातपाय येतात. ह्यातले बरेच जण माझ्याकडे जखमेसाठी आलेलेच नसतात. जखम कधीच भरलेली असते किंवा भरत आलेली असते. ते येतात तिच्याभोवती पेटलेल्या कातडीसाठी. आणि जवळजवळ प्रत्येकाची समजूत एकच असते, जखम चिघळली, पू पसरला, आता औषध वाढवायला पाहिजे. औषध वाढवलं की दुखणंही वाढतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: ठणकतंय की खाजतंय? जखम पिकली असेल तर ठणका लागतो, हात लावू देत नाही, जांघेत अवधान येतं म्हणजे गाठ सुजते, अंगात कणकण असते, घट्ट पू येतो, वास येतो. मलम मानवलं नसेल तर खाज सुटते. इतकी, की माणूस झोपेत पट्टी ओरबाडून काढतो. फोड बारीक, पाण्याने भरलेले, पुंजक्यांनी असतात, फुटले की पातळ लस वाहते, ती वाळली की पिवळसर खपली धरते. लोक त्या लसीलाच पू समजतात. ह्या नियमाला एक मोठा अपवाद आहे. साखरेच्या आजाराने ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांना ठणका कळतच नाही, त्यांच्याबाबतीत खाज-ठणक्यावर विसंबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. शिवाय खाजवून खाजवून ॲलर्जीची जागाही नंतर पिकू शकते, मग दोन्ही एकत्र दिसतं.

मानवतजवळच्या खेड्यातल्या एक आजी मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. पायाच्या घोट्यावर बाभळीचा काटा मोडला होता, तो दोन महिन्यांपूर्वीच निघाला होता. त्यांनी पट्टी सोडली तर खालची लाली बरोबर पट्टीच्या कापडाएवढी, कडा रेघ मारल्यासारख्या. संसर्ग कधी असा चौकोनी पसरत नाही. मी विचारलं, काय काय लावलं? त्यांनी पदराची गाठ सोडली आणि चार ट्यूबा टेबलावर मांडल्या. एकीची शेपटी गुंडाळत गुंडाळत टोपणापर्यंत आली होती. "बाई, चार टूपा बदलल्या, येकबी लागू पडंना. आग व्हायली, अन् खाज तर अशी सुटायली की रातभर डोळ्याला डोळा नाई." मी भिंग घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलीत निओमायसिन, दुसरीत फ्रामायसेटिन, तिसरीत निओमायसिनच पण सोबत स्टिरॉइड आणि बुरशीचं औषध, चौथीत जेंटामायसिन. आजींनी नावं चार बदलली होती, पण औषध खऱ्या अर्थाने एकदाही बदललं नव्हतं. तुमच्या सासूबाईंची दुसरी ट्यूब आणल्यावर दुखणं गुडघ्यापर्यंत चढलं, त्यामागेही बहुधा हेच असणार. दोन्ही ट्यूबा समोर धरून मागचं वाचा.

हे जरा सविस्तर सांगते, कारण घात होतो तो इथेच. निओमायसिन 1949 साली सेल्मन वाक्समन आणि ह्यूबर्ट लेशेव्हालिए ह्यांनी मातीतल्या एका जंतूपासून वेगळं केलं. हेच वाक्समन क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनवाले. निओमायसिन म्हणजे मुळात दोन जवळच्या रेणूंचं मिश्रण, बी आणि सी. त्यातला बी म्हणजेच फ्रामायसेटिन. सोफ्रामायसिन हे नाव आपल्याकडे घराघरात जखमेच्या मलमाचंच नाव झालंय, त्यातलं औषध फ्रामायसेटिन. बहुतेक लोकांना ते निवांत चालतं, औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला निओमायसिन चालत नाही त्याला फ्रामायसेटिनही चालत नाही, कारण ती वस्तू एकच आहे. जेंटामायसिन, टोब्रामायसिन ही त्याच घरातली भावंडं. निओमायसिनची ॲलर्जी असलेल्या अनेकांना तीही सोसत नाहीत. बॅसिट्रॅसिन ह्या घरातलं नाही, त्याची रचना अगदी वेगळी. पण पावडरी आणि मलमांमध्ये निओमायसिन आणि बॅसिट्रॅसिन वर्षानुवर्षं एकत्र घातलं जातं, त्यामुळे एकाच माणसाला दोन्हींची ॲलर्जी झालेली पुष्कळदा सापडते. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांची संघटना दरवर्षी एक 'वर्षाचा ॲलर्जीकारक' जाहीर करते, डॉक्टरांचं लक्ष जावं म्हणून. 2003 साली त्यांनी बॅसिट्रॅसिन निवडलं होतं, 2010 साली निओमायसिन. जुन्या भाजण्याच्या मलमांतलं नायट्रोफ्युराझोन आणि सल्फाच्या पावडरीही ह्याच वहीत येतात. सल्फा आणि पेनिसिलिन एके काळी जखमेवर सर्रास टाकत, त्याने इतक्या लोकांना ॲलर्जी झाली की डॉक्टरांनी पेनिसिलिन वरून लावणं सोडूनच दिलं.

आता घरच्यांचा प्रश्न: इतकी वर्षं चाललं, आताच कसं? मला हा प्रश्न रोज येतो, आणि तुमच्या पत्रात त्याचं उत्तरही आहे. ॲलर्जी पहिल्याच भेटीत कधी होत नाही. शरीराच्या संरक्षक पेशींना आधी त्या वस्तूची ओळख पटावी लागते, मग तिला शत्रू म्हणून नोंदवावं लागतं. ही नोंद व्हायला निदान आठ-दहा दिवस लागतात, कधी महिने, कधी वर्षं. टाचेच्या भेगा म्हणजे उघडी दारंच. धड कातडीतून निओमायसिन फारसं आत जात नाही, भेगेतून सहज जातं. सासूबाईंच्या शरीराने त्या भेगांमधून ही ओळख वर्षानुवर्षं करून घेतली, आणि कधीतरी नोंद पक्की झाली. टाचेची कातडी जाड, तिथे थोडी खाज आली असेल तर ती भेगांच्या नावावर खपली असेल. नडगीची कातडी पातळ, त्यात ताजी जखम, त्यावर घट्ट पट्टी. तिथे तेच औषध भिडल्यावर पेटलं. ज्यांची नोंद आधीच झालेली आहे त्यांना पुन्हा लावल्यावर साधारण 24 ते 72 तासांत लक्षणं दिसतात, निओमायसिनच्या बाबतीत कधी आठवडाही जातो. म्हणून पाचव्या दिवशी लाली येणं ह्यात नवल नाही. उशीर लागतो म्हणूनच तर औषधावर संशय येत नाही.

घरात समजवायला बिब्ब्याचं उदाहरण द्या. आपल्याकडे काटा मोडला, पाय मुरगळला की बिब्ब्याचा चटका देणारी माणसं अजून आहेत, आणि 'बिबा उतला' म्हणजे काय हे प्रत्येक घराला माहीत आहे. बिब्ब्याचं तेल मुळात जाळणारं आहे खरं, पण काही जणांना चटका घोट्याला दिला तरी तोंड सुजतं, अंगभर पुरळ येतं. आधी दोन-तीनदा काही झालेलं नसतं, मग एकदम उततो. ती जी उतण्याची क्रिया आहे, तीच सासूबाईंच्या पायात चालली आहे, फक्त निमित्त ट्यूब आहे. बांधावरच्या गाजर गवताने दर पावसाळ्यात ज्यांचा चेहरा आणि कोपरं खाजतात त्यांचंही तेच. माझ्याकडे असे शेतकरी येतात की आधी गाजर गवताची ॲलर्जी, त्यावर मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबची ॲलर्जी, आणि दोन्हींच्या वर स्टिरॉइडने पातळ झालेली कातडी.

स्टिरॉइडबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. आजींच्या तिसऱ्या ट्यूबमध्ये ते होतं, म्हणून ती लावल्यावर चार दिवस बरं वाटलं होतं. एकीकडे निओमायसिन आग लावतंय आणि दुसरीकडे स्टिरॉइड ती दाबतंय, दोन्ही एकाच नळीतून. लावलं की बरं, सोडलं की दुप्पट. त्यामुळे माणूस सोडतच नाही. खरं निदान लपून राहायला ह्याहून मोठं कारण मी पाहिलेलं नाही.

हातांवर आणि पापण्यांवर पुरळ कसं गेलं? दोन वाटा आहेत. मलम लावलेली बोटं डोळ्याला लागतात, आणि पापणीची कातडी अंगावर सगळ्यात पातळ असल्याने ती लगेच बोलते. दुसरी वाट आतली. एका जागी ॲलर्जी फार पेटली की चेतलेल्या पेशी रक्तातून फिरतात आणि जिथे मलम कधी लागलंच नाही तिथेही पुरळ उठतं. म्हणजे पू पसरलेला नाही. पायाची आग विझली की हातही निवळतात.

आता भाच्याबद्दल. इथे मी तुम्हाला जरा थांबवणार आहे, कारण सासूबाईंच्या त्रासाने माणूस बेजार होतो, भाच्याला झालं त्याने माणूस जातो.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका दवाखान्यात रात्री एक ऊसतोड कामगार आला होता, बावीस-तेवीस वर्षांचा. कोयता डाव्या हाताच्या तर्जनीवर बसला होता. टाके घातले, वरून अँटिबायोटिक पावडर भुरभुरली, मी पट्टी गुंडाळत होते. तो म्हणाला, "मॅडम, तळहात खाजायलेत." दुसऱ्या हाताचेही, जिथे काही लावलेलंच नव्हतं. मी वर पाहिलं तर मानेवर गांधी उठल्या होत्या. मिनिटाभरात ओठ जाड झाले, आवाज घोगरा झाला, त्याने पोट धरलं आणि स्टुलावरून कलंडला. नाडी बोटाला लागेना. मी सिरिंजमध्ये ॲव्हिल, म्हणजे ॲलर्जीचं नेहमीचं इंजेक्शन, भरायला घेतलं होतं. सिनियर सरांनी माझा हात धरला: "आधी ॲड्रेनलिन. मांडीत." त्याला जमिनीवरच आडवं करून पाय खुर्चीवर ठेवले, मांडीच्या बाहेरच्या बाजूला अर्धा मिली ॲड्रेनलिन दिलं, सलाइन जोरात सोडलं, पावडर धुऊन काढली. सात-आठ मिनिटांनी नाडी परत आली. पहाटे दोनच्या सुमाराला त्याला पुन्हा गांधी उठल्या आणि धाप लागली, पुन्हा एक डोस द्यावा लागला. त्या रात्री त्याला घरी सोडलं असतं तर तो टोळीच्या कोपीत, फडाच्या कडेला असता. नंतर विचारलं तेव्हा कळलं की मागच्या हंगामात दोनदा त्याच्या जखमांवर तसलीच पावडर पडली होती. दुसऱ्या वेळी थोडी खाज आली होती, कुणाला सांगायची गोष्ट आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

ह्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. इथे काम करणारी यंत्रणाच वेगळी. रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे पेशींमधून हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सुटतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, श्वासनळी आवळते. सासूबाईंच्या ॲलर्जीचं घड्याळ दिवसांवर चालतं, ह्याचं मिनिटांवर. वरून लावलेल्या अँटिबायोटिकने असं होऊ शकतं, आणि अशा नोंदींमध्ये बॅसिट्रॅसिनचं नाव वारंवार येतं, विशेषतः ते उघड्या जखमेवर, भाजलेल्या जागेवर किंवा ऑपरेशनच्या वेळी आत वापरलं असेल तेव्हा. निओमायसिन, रिफामायसिन ह्यांच्याही अशा नोंदी आहेत. बॅसिट्रॅसिनचं इंजेक्शन तर मूत्रपिंडाला इजा आणि ॲनाफिलॅक्सिस ह्या दोन कारणांसाठी बाजारातून काढून घ्या, असं अमेरिकेच्या औषध नियामकांनी जानेवारी 2020 मध्ये कंपन्यांना सांगितलं. जखम धुवायच्या क्लोरहेक्झिडिननेही असा झटका येतो, ते अँटिबायोटिक नसलं तरी. जखम उघडी असली की 'वरून लावलं' ह्या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. औषध रक्तातच जातं.

असा प्रसंग पुन्हा समोर आला तर काय करायचं ते पाठ करून ठेवा. औषध लावल्यावर काही मिनिटांत तळहात-तळपाय खाजणं, अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, आवाज बदलणं, धाप, उलटी किंवा पोटात कळ, डोळ्यांपुढे अंधारी. पुरळासोबत ह्यातलं श्वासाचं किंवा चक्करेचं काही दिसलं की वाट पाहू नका. 108 ला फोन करा. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर टेकून बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. पण उठवून उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. रक्तदाब कोसळलेला असताना एकदम उभं केल्याने हृदय बंद पडू शकतं. अंगावरचं मलम किंवा पावडर स्वच्छ पाण्याने धुऊन टाका. तोंडाने पाणी, साखर, लिंबू काही देऊ नका. दवाखान्यात पोचल्यावर स्पष्ट विचारा, "ॲड्रेनलिन दिलं का?" मोठ्या माणसाला एक-हजारांश ताकदीचं अर्धा मिली, मुलांना वजनाच्या हिशेबाने किलोला 0.01 मिली, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, आणि गरज पडली तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. हे औषध स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आपत्कालीन ट्रेमध्ये असायलाच हवं. ॲव्हिल आणि डेक्साच्या (स्टिरॉइडच्या) इंजेक्शनांनी खाज कमी होते, पण कोसळलेला रक्तदाब आणि बंद होणारा घसा ती वेळेत सावरू शकत नाहीत. ती नंतर द्यावीत, आधी नव्हे. बरं वाटल्यावरही काही तास, शक्य तर रात्रभर दवाखान्यातच थांबवावं.

भाच्याला ती पावडर, आणि तिच्यातलं प्रत्येक औषध, ह्यापुढे बंद. 'थोडीशी लावून बघू, चालते का' असा प्रयोग घरी अजिबात करू नका, मेडिकलवाल्यालाही करू देऊ नका. चाचणी करायचीच तर वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी, ॲड्रेनलिन हाताशी ठेवून. काही लसींमध्ये निओमायसिनचा अंश असतो, गोवराच्या संयुक्त लसीसारख्या. भाच्याला लस द्यायच्या आधी सिस्टरांना हा प्रसंग सांगा. सासूबाईंच्या प्रकारच्या ॲलर्जीत मात्र लशी अडत नाहीत, धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर ते द्या.

सासूबाईंच्या पायाचं आज काय करायचं? दोन्ही ट्यूबा बंद, पण फेकू नका, नावं लागणार आहेत. हळद, दगडी पाला, डेटॉल हेही सध्या नको, पेटलेल्या कातडीला आणखी कशाचीच ओळख करून द्यायची ही वेळ नव्हे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ घाला, जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या घड्या त्यात भिजवून दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटं ठेवा. लस थांबते, आग निवते. चिकटपट्टी लावू नका, सुती कापड सैल गुंडाळा. पाय उंच ठेवून झोपू द्या. अँटिबायोटिक नसलेलं साधं स्टिरॉइड मलम काही दिवस लागेल, ते तुमच्या डॉक्टरांनीच लिहून द्यावं. पुरळ पापण्यांपर्यंत गेलं आहे म्हणजे थोडे दिवस स्टिरॉइडच्या गोळ्यांचीही गरज पडू शकते, पण आधी रक्तातली साखर तपासून. दोन ते तीन आठवडे लागतील. आठव्या दिवशी बरं दिसतंय म्हणून औषध सोडलं की उलटतं, हे मी फार वेळा पाहिलंय. तोंडात किंवा डोळ्यांच्या आत फोड आले, कातडी पापुद्र्यासारखी सुटायला लागली, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. तो वेगळा आणि गंभीर आजार असतो. सल्फाचं औषध नुसतं डोळ्यांत घातल्यावरही तो झाल्याच्या नोंदी आहेत.

पाय बरा झाला की पॅच टेस्ट करून घ्या. 1895 साली योझेफ याडासोन नावाच्या त्वचातज्ज्ञाने ही युक्ती शोधली आणि आजही तिच्याहून चांगली मिळालेली नाही. पाठीवर छोट्या चकत्यांमध्ये औषधं ठेवून चिकटवतात, निओमायसिन व्हॅसलीनमध्ये 20 टक्के ह्या प्रमाणात. सोमवारी लावलं तर बुधवारी 48 तासांनी काढून बघतात, शुक्रवारी 96 तासांनी पुन्हा बघतात. निओमायसिन उशिरा उगवतं म्हणून मी पुढच्या सोमवारीही बोलावते. खेड्यातून एसटीने चार खेपा करणं सोपं नाही, मला कळतं. पण त्या चार खेपांनी पुढची वीस वर्षं सोपी होतात. एक सांगते, ही टेस्ट मी एप्रिल-मेमध्ये करत नाही. 42-43 अंशांत पाठीवरच्या पट्ट्या घामाने तासाभरात सुटतात. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. त्या आठवड्यात पाठीवरून अंघोळ नाही, कापूस वेचायला जाणं नाही, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू नकोत. आणि ही टेस्ट उशिरा येणाऱ्या ॲलर्जीची आहे. भाच्यासाठी ती उपयोगाची नाही.

मग जखमेला लावायचं तरी काय? साध्या, वरवरच्या, स्वच्छ जखमेला वाहतं पाणी आणि साबण, मग साधं पांढरं व्हॅसलीन, वर सुती कापड. लोकांना हे सांगितलं की वाटतं, बाई औषध लिहून द्यायला टाळाटाळ करतात. 1996 साली अमेरिकेत 900हून अधिक रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर निम्म्यांना बॅसिट्रॅसिन मलम, निम्म्यांना नुसतं व्हॅसलीन. जखम पिकण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. ॲलर्जी मात्र बॅसिट्रॅसिन गटात चौघांना झाली, व्हॅसलीनच्या गटात एकालाही नाही. जखम ओलसर राहिली की आपली आपण भरते, तिला रोज अँटिबायोटिक चारायची गरज नसते. त्याने जंतू निगरगट्ट होतात ते वेगळंच. टाचांच्या भेगांना तर अँटिबायोटिकचं कामच नाही, रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून व्हॅसलीन आणि मोजे. खोल घाव, शेणमातीत भरलेला घाव, कुत्र्याचा चावा (तो आधी पंधरा मिनिटं साबणाने धुवायचा), मधुमेह्याच्या पायाची जखम, मोठं भाजणं, ह्यांना डॉक्टर लागतातच. तिथे अँटिबायोटिक लागलं तरी ते निवडणं त्यांचं काम, मेडिकलच्या काउंटरवरचं नाही. डॉक्टरांनी जखमेला मलम द्यायचंच ठरवलं तर म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड ह्यांच्या ॲलर्जी खूप कमी दिसतात.

आता डोळा. मोतीबिंदूनंतर महिनाभर थेंब घालावे लागतात, त्यात एक अँटिबायोटिक असतं, बऱ्याचदा स्टिरॉइडच्या जोडीने. काही थेंबांत निओमायसिन असतं, काहींत टोब्रामायसिन, जेंटामायसिन. सासूबाईंना ते घातले तर पापण्या सुजून बंद होतील, डोळा पाणावेल, खाजेल आणि त्या डोळा चोळतील. ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यासाठी हे चांगलं नाही. पर्याय मात्र सोपा आहे. मॉक्सिफ्लोक्सासिनसारखे थेंब पूर्ण वेगळ्या कुळातले आहेत आणि मोतीबिंदूनंतर सर्रास वापरले जातात. ऑपरेशन रद्द करायची गरज नाही. पापण्यांवरचं पुरळ पूर्ण निवळेपर्यंत पुढे ढकला, एवढंच. ऑपरेशनच्या आधी द्यायच्या जेंटामायसिन, अमिकासिनच्या इंजेक्शनांचंही सांगा, कातडीने ओळखलेलं औषध सुईने आत गेलं तर अंगभर पुरळ येऊ शकतं.

शिबिराच्या गर्दीत 'आम्हाला कसलीतरी ट्यूब चालत नाही' असं सांगून काही उपयोग होत नाही. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: निओमायसिन, फ्रामायसेटिन, जेंटामायसिन, टोब्रामायसिन चालत नाही, बॅसिट्रॅसिनचा संशय. तो केसपेपरच्या पहिल्या पानावर टाचणीने लावा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. घरी सोडताना थेंबांची बाटली हातात पडली, की पिशवीत टाकायच्या आधी तुम्ही स्वतः तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. ह्यातलं एक जरी नाव त्यात दिसलं तर खिडकीवरच परत करा आणि डॉक्टरांना भेटल्याशिवाय तिथून हलू नका.